क्लच प्लेट बदलताना फ्लायव्हीलला फेसिंग मारावं का? बोलेरो, तालुका दारव्हा

पांदणरस्ता (धागाकर्ता)

मंडळी, गाडी मिस्त्रीच्या शेडमध्ये उभी आहे, गिअरबॉक्स खाली उतरलाय आणि उद्या सकाळी मिस्त्रीला काय ते सांगायचं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोलेरो, २०११ ची, डिझेल, १ लाख ६२ हजार किलोमीटर. डांबरी रस्त्यापासून आमच्या वावरापर्यंत अडीच किलोमीटर पांदण, सगळी काळी माती. पावसाळ्यात बियाणं आणि खताच्या गोण्या, आता वेचणीच्या बायांची ने-आण, परतताना कापसाची गाठोडी. ऑगस्टमध्ये वावराच्या तोंडाशी गाडी फसली होती. अर्धा तास मागे-पुढे करून काढली, पण करपल्याचा वास दोन दिवस गाडीतून गेला नाही. तेव्हापासून पहिल्या गिअरात क्लच सोडताना गाडी थरथरते, रिव्हर्समध्ये तर स्टिअरिंग हातात नाचतं. आणि दिवाळीपासून चढावर तिसऱ्या गिअरात इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र ओढत नाही.

क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत घासलेली निघाली. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही नवीन घेतलेत, त्याबद्दल प्रश्न नाही. प्रश्न फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाच्या मागच्या ज्या जड चकतीवर क्लच प्लेट घासते तिचा. मिस्त्री म्हणतो, "पॉलिश पेपर मारून देतो, कशाला खर्चात पडता." चुलतभाऊ म्हणतो, लेथवर देऊन फेसिंग मार, म्हणजे तोंड कापून सपाट कर.

मी टॉर्च मारून पाहिलं. प्लेट घासते तो पट्टा आरशासारखा चकचकीत आहे. त्यावर रुपयाच्या नाण्याएवढे निळसर-काळे डाग आहेत, मोजले तर नऊ भरले. बाहेरच्या कडेकडे बारीक गोल रेषा आहेत, त्यातल्या दोन-तीन नखाला लागतात. लेथ दारव्ह्यातच आहे. फ्लायव्हील ग्राइंडिंग करणारा मात्र, मिस्त्रीच्या माहितीप्रमाणे, थेट अमरावतीला.

पैशापेक्षा मला धास्ती आहे ती गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची. साडेतीन हजार मजुरी त्याचीच आहे. काय करू?

कपाशी_तूर

भाऊ, मी काई मिस्त्री नाई, कास्तकार आहो. पण माह्या गाडीत आतापर्यंत दोनदा क्लच टाकला, फ्लायव्हीलले एकदाबी लेथ दाखवला नाई. मिस्त्रीनं पेपर मारला, पुसलं, बसवलं. पयला क्लच ९० हजारावर गेला, दुसरा अजून चालू आहे. गाडी लोण्यासारखी सुटते. काहून ऐन वेचणीत अमरावतीच्या फेऱ्या मारता? दोन दिवस गाडी नसली तं बाया दुसऱ्याच्या वावरात जातात, मंग आपला कापूस बोंडातच लोंबते. वरून पाऊस आला तं कवडी झाली समजा.

लेथवाला, अकोला

कपाशी_तूर भाऊ, एकच विचारतो. तुमच्या फ्लायव्हीलवर निळे डाग होते का?

कपाशी_तूर

नाई. साफ होतं. मिस्त्रीनं मले दाखवलं होतं.

लेथवाला, अकोला

मग तुमच्या मिस्त्रीने अगदी बरोबर केलं. डाग नाही, चीर नाही, रेषा नखाला लागत नाही आणि सरळ पट्टी ठेवली तर खालून उजेड दिसत नाही, अशा फ्लायव्हीलला ८० नंबरचा पेपर आडवा-उभा मारला, चकाकी मोडली की काम झालं. तिथे लेथ म्हणजे उगाच बीड (ओतीव लोखंड) वाया घालवणं.

पांदणरस्ता भाऊंचं तसं नाही. तीस वर्षं लेथवर उभा आहे, त्यावरून सांगतो. फ्लायव्हील बिडाचं असतं. क्लच घसरत राहिला की वरचा थर काही जागी सातशे अंशांच्या पुढे तापतो. आजूबाजूचं जाड, थंड बीड ती उष्णता झटक्यात ओढून घेतं. लोहार लाल झालेला फाळ पाण्यात घालतो, तोच प्रकार. ती जागा कडक होते आणि किंचित फुगतेसुद्धा. नवी प्लेट बसवली की आधी या नऊ उंचवट्यांवर टेकते, तिथेच परत तापते, आणि क्लच सोडताना पकड एकसारखी न होता धरते-सुटते, धरते-सुटते. तुमच्या स्टिअरिंगचं नाचणं यातून येऊ शकतं.

पेपरने हे जात नाही. पेपर कडक डागावरून नुसता सरकतो आणि बाजूचं मऊ बीड घासतो. डाग होता त्याहून वर राहतो.

आणि लेथवाला असूनही सांगतो, हे फ्लायव्हील साध्या लेथवर देऊ नका. टूल डागापाशी आलं की दबून वर चढतं, डाग ओलांडला की परत खाली बसतं. दिसायला सगळं पांढरंशुभ्र दिसेल, पण हात फिरवला तर नऊ जागी गाठी लागतील. दगडाने ग्राइंडिंग केलं तर डाग आणि बीड एका पातळीत येतात. नुसत्या रेषा असत्या तर मीच म्हणालो असतो की आणा माझ्याकडे.

संत्रापट्टी

उपयुक्त धागा. वाचनखूण साठवली. आमच्या वरुडकडे संत्र्याच्या हंगामात क्लचची हीच रड असते.

मेळघाट_फेरी

माझी भाड्याची जीप परतवाडा, सेमाडोह, धारणी या रस्त्यावर चालते. घाटात सवारी भरलेली, वळणावर समोरून ट्रक आला की अर्ध्या क्लचवर उभं राहावं लागतं. माझ्या दोन चुका सांगतो, तुम्ही करू नका.

पहिल्या वेळी डाग होते तरी तशीच नवी प्लेट टाकली. मिस्त्री घाईत होता आणि मीही. दीड हजार किलोमीटरवर थरथर परत आली. गिअरबॉक्स परत खाली. नवी प्लेट काढली तर तिच्यावरही जागजागी करपल्याचे चट्टे.

दुसऱ्या वेळी फेसिंग मारून घेतली, पण लेथवाल्याने फक्त प्लेट घासते तेवढाच पट्टा कापला. प्रेशर प्लेटचं कव्हर ज्या बाहेरच्या कडेवर बोल्ट होतं ती कड तशीच ठेवली. महिन्याभरात चढावर क्लच घसरायला लागला. कारण नंतर कळलं. पट्टा खाली गेला, कव्हर होतं तिथेच राहिलं, म्हणजे दोघांतलं अंतर वाढलं आणि प्लेटवरचा दाब कमी झाला. जेवढं आतून काढाल तेवढंच कडेवरूनही काढलं पाहिजे. हे देतानाच बजावून सांगा.

वर्कशॉप_पुसद

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवते. लेथवाला दादांनी डागांचं सांगितलं ते शंभर टक्के खरं आहे, पण थरथरीचं दुसरं कारण अजून कोणी विचारलं नाही म्हणून लिहिते.

पांदणरस्ता, जुनी प्लेट अजून फेकली नसेल तर हातात घ्या. अस्तरावर ओलसर, काळा, चिकट थर आहे का? बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, आत तळाशी तेलाचा चिखल आहे का? असेल तर बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास असतो, तसा आला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा सील गेला आहे. वास नसून नुसतं काळं, पातळ तेल असेल तर ते इंजिनाचं आहे, म्हणजे क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य दांड्याचा) मागचा ऑईल सील गेला. क्लचवर थोडं जरी तेल आलं तरी गाडी थरथरते, आणि फ्लायव्हील कितीही सुंदर करून आणलं तरी नवी प्लेट पुन्हा खराब होईल.

क्रँकचा मागचा सील फ्लायव्हीलच्या पाठीमागे असतो. तो बदलायचा म्हणजे फ्लायव्हील उतरवावंच लागतं. मग ते हातात आलेलं असताना ग्राइंडिंगला न देण्याचं कारणच उरत नाही.

इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे माउंटिंगही बघा. रबर फाटलेलं असलं तरी गाडी अशीच हलते.

पांदणरस्ता

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून रात्रीच साडेनऊला शेडवर गेलो. प्लेटच्या एका बाजूला, फ्लायव्हीलकडच्या, आतल्या कडेने काळा ओला पट्टा आहे. बोट लावून वास घेतला. गंधकाचा वास नाही, जुन्या इंजिन ऑईलचाच. बेल हाउसिंगच्या तळाशी धूळ आणि तेल मिळून डांबरासारखा थर जमलाय, स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तेव्हा निघाला. फ्लायव्हीलच्या मागून खालपर्यंत तेलाचा ओघळ स्पष्ट दिसतो. मिस्त्रीला फोटो पाठवला. तो म्हणाला, "हे माझ्या नजरेतून सुटलं, सकाळी फ्लायव्हील काढतो." माणूस प्रामाणिक आहे.

माउंटिंग तिन्ही ठीक आहेत.

वर्कशॉप_पुसद

मग तुमचा निर्णय झाला. फ्लायव्हील काढण्याआधी क्रँकवर आणि फ्लायव्हीलवर पंचने एकेक खूण करून ठेवा, म्हणजे होतं तसंच परत बसेल. काढताना वजन सांभाळा, शेवटचा बोल्ट सुटला की पायावर येतं. धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. क्लचच्या अस्तराची धूळ छातीत जाऊ देऊ नये, मुलांना मी हे पहिल्या दिवशी सांगते.

बाहेर काढल्यावर तीन गोष्टी पाहा. चिरा: वरवरच्या केसासारख्या चिरा ग्राइंडिंगमध्ये निघून जातात, पण चीर बोल्टच्या भोकापर्यंत गेली असेल किंवा खोल असेल तर ते फ्लायव्हील भंगारातच घाला, फिरताना फुटलं तर बेल हाउसिंग फोडून बाहेर येतं. दुसरं, रिंग गिअरचे, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेच्या दातेरी कड्याचे, दात. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरावीक दोन जागीच थांबतं, म्हणून स्टार्टर त्याच जागचे दात खातो. तिसरं, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात टेकतं तो मधला पायलट बेअरिंग किंवा बुश, तो बदलायला आत्ताच वेळ आहे.

कपाशी_तूर

ताई, मी माहं मत बदललं. आपल्याले डाग न्हवते म्हणून जमलं. पांदणरस्ता भाऊ, वेचणीच्या बायांसाठी दोन दिवस माही गाडी घेऊन जा. दिग्रसवरून पाठवतो पोराले. डिझेल तेवढं टाका.

पांदणरस्ता

कपाशी_तूर दादा, तुम्हाला फोन करतो. काय बोलू, सुचत नाही.

आजचा वृत्तांत. सकाळी फ्लायव्हील उतरवलं. क्रँकचा सील कडेने कडक पडून चिरलेला होता, नवा आणला. चिरा नाहीत, रिंग गिअरचे दात चांगले आहेत, पायलट बेअरिंग खडखडत होता, तोही बदलला.

अमरावतीला जायच्या आधी, अगदी वाटेवरच आहे म्हणून, गावातल्या लेथवर दाखवलं. दुकानदार म्हातारे आहेत. मी डागांचं सांगितलं तर म्हणाले, आपण एक हलका कट घेऊन पाहू, कळेलच. मी तिथेच उभा होतो. टूल बीडावरून जाताना सरसर एकसारखा आवाज, आणि डाग आला की टक. पुन्हा सरसर, पुन्हा टक. एका फेरीत नऊ टक. त्यांनी मशीन लगेच बंद केलं, बोट फिरवून पाहिलं, माझंही बोट धरून फिरवलं. डागाच्या जागी गुळगुळीत टेंगूळ, अगदी बारीक, पण लागतं. म्हणाले, "हे माझं काम नाही, ग्राइंडिंगला न्या." पैसे घेतले नाहीत.

फ्लायव्हील गोणपाटात गुंडाळून एसटीने अमरावतीला निघालो आहे. गाडीतूनच लिहितोय.

लेथवाला, अकोला

त्या म्हाताऱ्या कारागिराला माझा नमस्कार सांगा. कट घेऊन थांबणं सोपं नसतं.

ग्राइंडिंगवाल्याला या गोष्टी सांगा. एक, डॉवेल पिना (कव्हर जागेवर बसवणाऱ्या खुंट्या) आधी काढा, त्यांच्यामुळे दगड कडेपर्यंत जात नाही. दोन, फ्लायव्हील मागच्या बाजूने, क्रँकला टेकतं त्या तोंडावर बसवून घ्या. ते तोंड आधी साफ करून गंज आणि बर (धातूची उठलेली धार) काढा, नाहीतर पुढचा चेहरा सुंदर होईल आणि इंजिनावर बसल्यावर डुगडुगेल. तीन, मेळघाट_फेरी भाऊंनी सांगितलं ते, पट्टा आणि कड दोन्ही सारखे. तुमचं सपाट दिसतंय फोटोत, पायरी नाही, तेव्हा पूर्ण तोंड एकाच वेळी घेतील, काळजी नाही.

डाग पूर्ण गेले की थांबायचं. फिकट सावली राहिली तर खाली अजून कडक थर आहे, तो काही हजार किलोमीटरवर परत वर येतो. पण जाडीची किमान मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, तिच्या खाली जायचं नाही. तिथपर्यंत डाग गेले नाहीत तर नवं फ्लायव्हील.

मेळघाट_फेरी

आणि ग्राइंडिंग होत असताना समोर उभे राहा. चहाला जाऊ नका.

पांदणरस्ता

चहाला गेलो नाही.

दगड गोल फिरतो, खाली फ्लायव्हील फिरतं, वरून पांढरट पाणी पडत राहतं. पहिल्या पाव मिलिमीटरला सात डाग गेले. दोन राहिले, राखी सावलीसारखे. कारागीर विचारतो, बस का? मी लेथवाला दादांचा प्रतिसाद त्याला मोबाईलवर वाचून दाखवला. तो हसला नाही, उलट म्हणाला, बरोबर आहे. अजून थोडं थोडं घेत गेला. एकूण ०.४ मिलिमीटर निघाल्यावर दोन्ही सावल्या गेल्या. जाडी व्हर्नियरने मोजली, मर्यादेच्या वर आहे. १,२०० रुपये घेतले. तोंडावर आता चकाकी नाही, मंद राखाडी रंग आणि एकात एक गुंतलेल्या बारीक कमानी दिसतात, रांगोळीच्या पिठावर बोटं फिरवल्यासारख्या.

एक शंका. फ्लायव्हील ०.४ ने पातळ झालं तर पेडल खाली जाईल का?

वर्कशॉप_पुसद

प्रेशर प्लेट तेवढीच इंजिनाकडे सरकेल, रिलीज बेअरिंगपासूनचं अंतर तेवढं वाढेल. ०.४ काही मोठं नाही. क्लच ज्या पद्धतीचा असेल त्याप्रमाणे पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीचा मोकळा खेळ) मिस्त्री लावून देईल.

बसवताना: दोन्ही तोंडं परत स्वच्छ करा, ग्राइंडिंगची बारीक भुकटी आणि पाणी राहिलेलं असतं. पुसायला ब्रेक क्लीनर घ्या, रॉकेल किंवा डिझेल नको, त्याचा तेलकट थर मागे राहतो. त्यानंतर तोंडाला ग्रीसचा हात लावू द्यायचा नाही. सील बसवल्यावर फ्लायव्हीलचे बोल्ट टॉर्क रेंचनेच, समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळा. मॅन्युअलमध्ये बोल्ट नवे वापरा म्हटलं असेल तर नवेच.

शेडमध्ये डायल गेज (डगमग मोजणारा काटा) मिळाला तर ब्लॉकवर लावून फ्लायव्हील हाताने एक फेरा फिरवा. क्रँक एका बाजूला दाबून धरा, नाहीतर क्रँकचा पुढे-मागे होणारा खेळच गेजवर दिसेल. साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आत काटा फिरला तर चालतं, नेमका आकडा मॅन्युअलचा धरा. प्लेट मध्यावर आणायला अलाइनमेंटचा दांडा वापरायला सांगा, नुसत्या नजरेने नको. आणि प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते, ती वाचूनच बसवा. घाईत उलटी बसलेली प्लेट मी पाहिली आहे.

हिंगणघाटकर

मध्येच विचारतो, माफ करा. माझी डिझेल सेडान आहे. वर्कशॉपवाले म्हणतात तुमचं फ्लायव्हील दुहेरी आहे, फेसिंग होत नाही, नवंच घ्या, आणि किंमत ऐकून डोळे पांढरे झाले. खरंच होत नाही का?

वर्कशॉप_पुसद

ते म्हणतात त्यात तथ्य आहे. दुहेरी फ्लायव्हील म्हणजे आत दोन वेगळी वजनं आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगा आणि ग्रीस. डिझेल इंजिनाचे हिसके त्या स्प्रिंगा गिळतात. ते बसवून दगडाखाली धरायला एकसंध नसतं, आणि ग्राइंडिंगच्या उष्णतेने आतलं ग्रीस आणि सील खराब होतात. म्हणून बहुतेक बनवणारे ते घासायला मनाई करतात. पण डोळे झाकून नवं घेऊ नका. पुढची वजनाची चकती हाताने दोन्हीकडे फिरवा आणि किती फिरते, वर-खाली किती डुगडुगते ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. ग्रीस बाहेर आलेलं, खडखड आवाज किंवा निळे डाग असतील तर बदला. यातलं काही नसेल आणि फिरणं हद्दीत असेल तर तेच ठेवता येतं.

हिंगणघाटकर

आभार ताई. उद्या समोर उभं राहून फिरवायला लावतो.

पांदणरस्ता

गाडी परवा रात्री बाहेर निघाली. डायल गेज मिस्त्रीने यवतमाळहून मागवला, ०.०६ मिलिमीटर आला. अलाइनमेंटचा दांडा त्याच्याकडे होताच, फक्त वापरात नव्हता.

पहिले पाचशे ते आठशे किलोमीटर ओझं नको, अर्ध्या क्लचवर थांबणं नको, असं ताईंनी फोनवर सांगितलं, म्हणून गाठोडी अजून कपाशी_तूर दादांच्याच गाडीत जातात. दारव्हा ते यवतमाळ चार फेऱ्या रिकाम्या गाडीने केल्या. क्लच सुरुवातीला जरा वर धरायचा, आता मध्यावर आलाय.

आज संध्याकाळी पांदणीतून वावरापर्यंत गेलो. जमीन वाळलेली आहे, चाकोरीत नुसती धूळ. शेवटी बाभळीपाशी वळायला जागा नाही, तिथून रिव्हर्स घ्यावीच लागते. पायाने क्लच हळूहळू सोडला. स्टिअरिंग हललं नाही. खाली उतरून बेल हाउसिंगच्या तळाला बोट लावलं, कोरडं होतं.